चांदीच्या कागदातल्या पुड्या

निखाऱ्यांवर ठेवलेली ती चंदेरी पुडी आधी नुसती पडून राहायची, मग तिच्या आत कुठेतरी बारीक चुरचुर सुरू व्हायची, आणि थोड्या वेळाने ती पोट भरल्यासारखी हळूहळू फुगत जायची… बाबा चिमट्याने तिला अलगद उचलून विटेवर ठेवायचे, कागदाची घडी उलगडायचे, आणि आतून जी वाफ उठायची तिच्यात लसूण, जवसाचं तेल, भिवापुरी मिरची, करपत आलेला कांदा आणि शेवटच्या क्षणी टाकलेला मूठभर सांबार — आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात — हे सगळं एकदम नाकात शिरायचं. थंडीतली दुपार, पाठीवर ऊन, पुढ्यात आगटी. माझ्या बालपणाला वास असेल तर तो हाच आहे, दुसरा नाही.

आम्ही कोराडीच्या वसाहतीत राहायचो. बाबा वीज केंद्रात पाळीवर जायचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे भिंतीने वेढलेलं छोटंसं अंगण, अंगणात एक जांबाचं, म्हणजे पेरूचं, झाड. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करायचे नाहीत, कारण त्यांच्यावर वीज केंद्राच्या धुराड्यांतली बारीक राखड बसलेली असायची, हे आम्हा मुलांना अक्षरओळख होण्याआधीच कळलं होतं. आई रामटेकजवळच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली. तिच्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि बारा वर्षांची असताना तिनेही ती घातली होती. बाबांच्या घरी मात्र सणावारालासुद्धा कोंबडं शिजायचं. हे लग्न जमलं तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून एकच अट ठरवली म्हणे: तिच्या चुलीवर मांस शिजणार नाही आणि त्याच्या तोंडाला कोणी कुलूप लावणार नाही. तडजोड म्हणतात ती अशी.

त्यामुळे रविवारी आमचं घर दोन भागांत वाटलं जायचं. कोंबडी शिजवायचा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा; तो जांबाच्या झाडाला खिळ्यावर टांगलेला असायचा, घरात कधीच यायचा नाही. चूल तीन विटांची, अंगणात. तिखट, मीठ, तेल आई दारातून वाट्यांमध्ये ओतून द्यायची, आणि त्या वाट्यासुद्धा अंगणातल्याच. स्वयंपाक बाबा करायचे. विदर्भातल्या पुष्कळ घरांत त्या काळी हीच रीत होती, की एरवी पाण्याचा गिलासही स्वतः न घेणारा बाप रविवारी बाह्या सरसावून चुलीपुढे बसायचा. आम्ही तिघं, म्हणजे बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ विनू, बाहेर पोत्यावर बसून जेवायचो. जेवण झालं की नळाखाली हातपाय, तोंड धुवायचं, चूळ भरायची, मगच उंबरा ओलांडायचा.

आणि आई आत एकटी जेवायची.

मला ते आवडायचं नाही. बाहेर आमची हाडं चोखण्याची धांदल, विनूचं तिखटाने गळणारं नाक, बाबांच्या पाळीवरच्या गमती… आणि मधेच आतून एकट्या ताटाचा, एकट्या वाटीचा आवाज यायचा. सहा दिवस आम्हाला आधी वाढून मग स्वतः जेवणारी बाई सातव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून जेवते, हे माझ्या मनाला फार लागायचं. मी उंबऱ्यापर्यंत जाऊन डोकावायचे, तर ती हातानेच म्हणायची, जा, तुमचं खा. बाबाही घास घेताना दाराकडे पाहायचे. पण तिला ‘ये’ म्हणायची सोय नव्हती, कारण अट तर त्यांनीच मान्य केलेली.

मी दहा वर्षांची असताना दिवाळीनंतर त्या गंजाच्या बुडाला भोक पडलं. त्याच सुमारास बाबांच्या एका मित्राने बढतीच्या आनंदात शहरातल्या सदर भागातल्या हॉटेलातून सगळ्यांसाठी तंदुरी रोट्यांचं पार्सल आणलं होतं, आणि त्या रोट्या चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. फॉइल हा शब्द आम्हाला ठाऊकच नव्हता. बाबांनी तो कागद गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केला, उजेडाकडे धरला, काडी पेटवून त्याचा कोपरा जाळून पाहिला. जळेना. मग दोन दिवस ते कुठल्याशा विचारात होते. तिसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून त्या कागदाची अख्खी गुंडाळीच घेऊन आले. नवा गंज आणला नाही.

त्या रविवारी त्यांनी कोंबडीचे लहान तुकडे दह्यात आणि मसाल्यात घोळले, बटाट्याच्या चकत्या, फुलकोबी, वटाणे, गाजर, कांद्याची पात असं सगळं त्यांच्यावर रचलं, कागदात गुंडाळलं आणि पेपरमिंटच्या गोळीसारखी दोन्ही टोकं पिळून निखाऱ्यांत सोडून दिलं. ना गंज, ना पळी, ना घासणं. प्रत्येकाची पुडी वेगळी, ज्याची त्याने उघडायची. मग ते उठून उंबऱ्यापाशी गेले आणि आईला म्हणाले,

“तुया भाज्या तूच चिर, तुयाच हातानं बांध. माया हात नाही लागनार, चिमट्यानं धरीन. तूही ये आज बाहेर.”

“आग तं एकच हाय न,” आई म्हणाली.

“आगीले कुठचा विटाळ वं? ते तं साऱ्यायलेच शुद्ध करते.”

 आई त्या रविवारी आली नाही, पुढच्याही नाही. पण तिसऱ्या रविवारी ती हातात एक पुडी घेऊन दारात उभी राहिली. तिची पुडी आमच्या पुड्यांसारखी टोकं पिळलेली नव्हती. पोस्टाच्या पाकिटासारखी चारही बाजूंनी सपाट दुमडलेली होती, म्हणजे चूक व्हायला जागा नको. बाबांनी निखाऱ्यांच्या एका कडेला तिची जागा करून दिली. आई आमच्यापासून चांगली चार हात लांब, स्वतःच्या चटईवर बसली. विनू तर तिच्याकडे पाहुणी आल्यासारखा पाहत राहिला, आणि मी माझी पुडी उघडायचंच विसरले.

त्यानंतरचे ते दोन हिवाळे… काय सांगू! चटई दर रविवारी वीतभर सरकत आमच्याजवळ यायची. आई तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायची, धानाच्या बांधीत चिखलात रुतलेल्या मामाच्या चपलेची गोष्ट तर आम्ही दहा वेळा ऐकली असेल. बाबा राजासारखे विटेवर बसायचे आणि पहिला घास आमच्या तोंडात गेला रे गेला की विचारायचे, कसं झालं? आम्ही म्हणायचो, मस्त. मग ते आईकडे पाहून म्हणायचे, हिले इचारून काय फायदा, हिले कुठं मालूम! ते गमतीने म्हणत, आई हसत असे. पण माझ्या बाबांना एक हौस मनातून होती हे मला तेव्हाही कळायचं. जिच्या हातचं आपण आयुष्यभर खातो, तिने एकदा आपल्या हातचं खाऊन ‘चांगलं झालं’ म्हणावं. ते होणार नव्हतं. तरी दर रविवारी ते विचारायचे.

आईचा एक स्वभाव इथे सांगायला हवा. तिच्या हातून काही चुकलं, असं तिला वाटलं, की ती महिनाभर अळणी जेवायची. एकदा कोठीचं दार लावताना आत राहिलेलं मांजरीचं पिल्लू मेलं, तेव्हा तिने मीठ सोडलं होतं. कोणाला सांगणं नाही, देवापुढे रडणं नाही. नुसतं ताटातलं मीठ कमी व्हायचं. ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात यायचं नाही.

संक्रांतीनंतरचा एक रविवार. बाबांना सकाळी अचानक कामावर बोलावलं होतं, एक वाजता येणार होते. कोंबडी आणून, मसाल्यात घोळून ते गेले होते. आईला शेजारच्या काकूंबरोबर देवीच्या देवळात जायचं होतं. तिने स्वतःच्या भाज्या चिरून, तेलमीठ लावून ताटलीत ठेवल्या आणि मला बजावलं: आधी हात धू, आधी माझी पुडी बांध, ती बाजूला ठेव, मग तुमच्या बांध. मी बारा वर्षांची होते, एवढी जबाबदारी मिळाल्याने माझे पाय जमिनीवर नव्हते. मी सांगितल्याप्रमाणे अक्षरशः केलं. आईची पुडी पहिली, सपाट, चारही कोपरे नखाने दाबून. मग बाबांची, मग विनूची, टोकं पिळून. माझ्या पुडीची वेळ आली तेव्हा गुंडाळी संपली. नळीला चिकटलेला वीतभर कागद उरला होता, त्याला पिळायला टोकंच निघेनात. मग मीही माझी पुडी सपाट दुमडली. म्हटलं, काय बिघडतं, आईची भिंतीकडच्या बाजूला ठेवते, माझी जांबाकडच्या, लक्षात राहील.

राहिलं असतं. पण बाबा आले ते हात धुऊन थेट चुलीपुढे बसले आणि त्यांच्या सवयीप्रमाणे चिमट्याने सगळे निखारे खालीवर केले, पुड्या इकडच्या तिकडे फिरवल्या, राख झटकली. तोवर आई आली होती, चटई अंथरली होती. बाबांनी दोन पिळलेल्या पुड्या स्वतःला आणि विनूला घेतल्या, हाताला आली ती सपाट पुडी चिमट्याने आईच्या ताटात ठेवली, आणि उरलेली, राखेने माखलेली, न पाहताच माझ्याकडे सरकवली.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. आता पन्नाशीला आले तरी ते चार क्षण मला स्पष्ट दिसतात. मला माहीत होतं की दोन पुड्या सारख्या आहेत. मला माहीत होतं की आईच्या ताटातली तिची असेल किंवा माझी असेल. तोंड उघडलं तर बाबा रागावतील याची भीती नव्हती मला. आई उठून आत जाईल आणि पुन्हा कधी अंगणात येणार नाही, ही भीती होती. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि घाईघाईने माझी पुडी उघडली.

फुलकोबी. बटाटे. वटाणे. खालपर्यंत बोटं घातली… गाजर.

मी मान वर केली तेव्हा आईचा हात तोंडापासून खाली येत होता. वरवरच्या बटाट्यांखाली काय आहे ते तिला दिसलं असावं, कारण तिची बोटं पुडीत तशीच थांबली होती. तो घास तोंडात गेला होता, की ओठांशी जाऊन परत आला होता, हे मला समजलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे तिने कागदाची एक बाजू दुमडली, दुसरी दुमडली, आणि म्हणाली, आज मले भूक नाही, देवळात प्रसादच जास्त झाला. बाबा म्हणाले, दे मग इकडे, मी चाखून पाहतो तुझ्या भाज्या. ती म्हणाली, राहू द्या, संध्याकाळी खाईन. बाबा हसले, देवीनेच जेवू घातलं म्हटल्यावर आमची काय मजाल, असं काहीसं म्हणाले आणि विनूच्या पुडीतलं हाड काढून द्यायला लागले. मी माझ्या पुडीवर ओणवी होऊन भाज्या खात होते, कोणाला दिसू नयेत म्हणून दोन्ही हातांनी आडोसा करून. त्या भाज्यांना चव होती की नव्हती, काही आठवत नाही.

दुपारी मी पाहिलं, भिंतीपलीकडे वसाहतीतली पिवळी कुत्री चंदेरी कागद चाटत होती. न्हाणीघरातून पाणी ओतण्याचा आवाज येत होता. आई भर थंडीत दुसऱ्यांदा डोक्यावरून आंघोळ करत होती. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने मीठ सोडलं.

बाबांना वाटलं ब्लडप्रेशर. ते तिला दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तरी बाबांचा विश्वास बसेना. ते तिच्या ताटाकडे पाहून चिडायचे, बिना मिठाची भाजी माणसाचं जेवण आहे का म्हणायचे, आणि ती म्हणायची, गोड लागते. मी एकटीच जाणून होते, आणि मलाही अर्धंच माहीत होतं. घास पोटात गेला होता का? मी माझ्या आईची माळ बाटवली होती का? हा प्रश्न घेऊन मी शाळेत जायचे, तोच घेऊन परत यायचे. आणि रविवार जवळ येत होता. आई बाहेर येईल की नाही, हे मला त्या आठवड्यात परीक्षेच्या निकालापेक्षा मोठं होतं.

रविवार उजाडला. बाबांनी बाभळीची लाकडं फोडली, चूल पेटवली. मी मुद्दाम पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत बसले होते. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. गेले, तर पाटावर तिच्या चिरलेल्या भाज्या होत्या, मीठ न लावलेल्या, आणि शेजारी नव्या गुंडाळीतला एक मोठा कागद फाडून ठेवलेला.

“तूच बांध,” ती म्हणाली.

 ती समोर बसून बघत राहिली. मी कोपरे दाबले, पुडी तिच्या हातात दिली, आणि ती चटई घेऊन आमच्याआधी अंगणात जाऊन बसली. मी न्हाणीघरात शिरून नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

पुढे आम्ही मोठे झालो. बाबा निवृत्त झाले, वसाहत सुटली, मानेवाड्याला घर झालं. गच्चीवर विटा मांडून बाबा सत्तरीपर्यंत पुड्या भाजत होते. नातवंडांना विचारायचे, कसं झालं, आणि मग सवयीने आईकडे पाहायचे. आठ वर्षांपूर्वी ते गेले. शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात होते, आणि तिथल्या पचपचीत खिचडीला नावं ठेवत होते.

आता आई माझ्याकडे असते. माझ्या स्वयंपाकघरात ओव्हन आहे. कामावरून दमून आले की फॉइल फाडायचं, कोंबडी आणि भाज्या आत टाकायच्या, अर्ध्या तासात जेवण तयार. माझी मुलगी म्हणते, आई, हे तर सगळ्यात सोपं. खरंच सोपं आहे. आईची पुडी वेगळ्या ताटलीत, सगळ्यांच्या आधी. तिला आता ऐंशी होतील, माळ गळ्यात आहेच. टेबलाशी आमच्याबरोबर बसते.

मागच्या महिन्यातल्या एका दुपारी ती वटाणे सोलत होती आणि मी समोर बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. इतकी वर्षं जे ओठांवर येऊन परत जात होतं ते एकदम बोलून गेले. म्हटलं, आई, कोराडीला त्या रविवारी आपल्या पुड्या बदलल्या गेल्या होत्या. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

तिचं शेंगा सोलणं थांबलं नाही. म्हणाली, मला माहीत आहे, तुझं तोंडच सांगत होतं. मी विचारलं, मग घास…?

“दोन गेले होते पोटात,” ती म्हणाली. “दुसरा गेल्यावर समजलं.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस, मला निदान एक थापड तरी मारायचीस. ती थोडी हसली. म्हणाली, तेव्हा बोलले असते तर तुझ्या बाबांनी त्याच दिवशी चूल मोडली असती, मग आपण चौघं कुठे बसलो असतो? मीठ सोडलं, झालं, फिटलं. आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मला वाटलं बोलणं संपलं. पण ताटली अर्धी भरल्यावर, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली,

“खरं सांगू काय वं… चांगलं झालं होतं. लई चांगलं.” दाणे ताटलीत पडत राहिले. “येवढं एक त्यायले सांगाले पाहिजे होतं. दवाखान्यात तरी. जलमभर इचारत राहिले बिचारे.”

 तिच्यापुढच्या शेंगांतल्या मूठभर मी माझ्याकडे ओढल्या आणि तिच्याबरोबर सोलत बसले.